दमयंतीच्या माहेरची चूल: हलकीफुलकी कादंबरी लिहितेय, स्वयंपाकातल्या जादूबद्दल मतं हवीत

सुगरणपक्षी

मंडळी, एक कादंबरी लिहायला घेतली आहे. हलकीफुलकी प्रेमकथा, बेताची जादू आणि भरपूर स्वयंपाक. कथानक माझं नाही, नल-दमयंतीचं आहे. शाळेत आपल्याला रघुनाथ पंडितांचा हंस भेटला, स्वयंवर झालं, आणि गोष्ट तिथेच संपली असं आपण धरून चाललो. खरी गंमत पुढे आहे आणि ती स्वयंपाकघरात घडते.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी: नल द्यूतात राज्य हरतो, रानात दमयंतीला झोपलेली सोडून निघून जातो, कर्कोटक नाग डसल्यावर त्याचं रूप बिघडतं आणि तो बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे नोकरीला राहतो. घोडे सांभाळायचे आणि रांधायचं. दमयंती हिंडत हिंडत माहेरी, विदर्भात पोचते आणि नवऱ्याला शोधायचा डाव मांडते. 'दमयंतीचं दुसरं स्वयंवर उद्याच आहे' असा निरोप ती फक्त अयोध्येला धाडते. एका दिवसात शंभर योजनं रथ हाकू शकणारा माणूस एकच आहे हे तिला ठाऊक. ऋतुपर्ण धापा टाकत कुंडिनपुरात येतो तर ना मांडव, ना पाहुणे! बिचारा म्हणतो, 'सहज भेटायला आलो होतो.' हे महाभारतातच आहे हं, मी घुसडलेलं नाही.

मग दमयंती केशिनी नावाच्या दासीला बाहुकाच्या पाळतीवर ठेवते. बजावते की त्याने मागितलं तरी विस्तव द्यायचा नाही आणि पाणीही द्यायचं नाही. केशिनी परत येते ती डोळे विस्फारून. रिकाम्या भांड्यांकडे त्याने नुसतं पाहिलं नि ती भरली. मूठभर गवत उन्हात धरलं नि ते पेटलं. ठेंगण्या दारातून जाताना तो वाकत नाही, दारच उंच होतं. फुलं हातांनी चुरगाळली तर आणखी टवटवीत झाली. एवढं ऐकूनही दमयंती केशिनीला परत पाठवते, त्याचं लक्ष नसताना त्याने शिजवलेलं मांस आणायला सांगते, तोंडात घालते, आणि ओळखते.

हा घास माझ्या कादंबरीच्या मध्यावर हवा आहे. अडलंय ते असं की जादू कुठवर चालू द्यायची? पदार्थ खाल्ला की समोरचा प्रेमात पडतो किंवा ढसाढसा रडतो, अशा गोष्टी पुष्कळ झाल्या, ते नको. काळ जुनाच ठेवणार आहे, तर त्या विदर्भात चुलीवर काय असेल? आणि तो घास नेमका कशाचा? माझं माहेर तिवसा तालुक्यातलं. वर्धेकाठचं कौंडिण्यपूर, म्हणजे परंपरेने मानलेलं कुंडिनपूर, आमच्याच तालुक्यात. त्यामुळे दमयंती मला पलीकडच्या गल्लीतली वाटते. तिला हसती ठेवायची आहे.

लिंबूटिंबू

पहिला! गवताच्या मुठीने शेगडी पेटवणारा आचारी ठेवायला मी तयार आहे. पगार काय घेतो?

बेहडा

@लिंबूटिंबू, तेही लिहिलेलं आहे. ऋतुपर्णाने बाहुकाला शंभर शतं म्हणजे दहा हजार वेतन ठरवलं आणि हाताखाली वार्ष्णेय व जीवल असे दोघे दिले. मुलाखतीत बाहुकाने स्वतःबद्दल सांगितलं की घोड्यांच्या बाबतीत माझ्या तोडीचा कोणी नाही, आणि अन्नसंस्कारही मी इतरांपेक्षा विशेष जाणतो.

जर्सीवाली_वैनी

इंडक्शनवर चालतो का हा अग्नी? आमच्या अपार्टमेंटमध्ये गवत पेटवलं तर जेवणाआधी अग्निशमन दल येईल. असो, विषय आवडला, वाचतेय.

बेहडा

सुगरणपक्षी, जादूची मर्यादा कथेतच आखून दिलेली आहे, तुम्ही नवीन शोधू नका. पहिल्या स्वयंवरात चार देव नलाचं रूप घेऊन बसले होते. दमयंतीने खऱ्या नलाला माळ घातल्यावर त्यांनी खूश होऊन प्रत्येकी दोन वर दिले. इंद्राने यज्ञात प्रत्यक्ष दर्शन आणि शुभ गती दिली. अग्नीने सांगितलं की तू इच्छिशील तिथे मी प्रकट होईन. वरुणाने पाणी तसंच दिलं, वर सुगंधी माळा. आणि यमाने काय दिलं असेल? अन्नरस. म्हणजे चव. त्याच्या जोडीला धर्मावरची निष्ठा.

चवीचा वर यमाकडून यावा हे मला फार आवडतं. अन्नपूर्णेला विचारलेलंच नाही! यावर एक अख्खं विनोदी प्रकरण होऊ शकतं.

आणखी एक. त्या पाच सारख्या दिसणाऱ्या नलांतून तिने खरा कसा ओळखला? देवांना घाम येत नव्हता, पापणी लवत नव्हती, पाय जमिनीला टेकत नव्हते, सावली पडत नव्हती. हार कोमेजलेले नव्हते. ज्याला घाम आला होता आणि ज्याच्या गळ्यातला हार सुकला होता, त्याला तिने वरलं. पुढे तोच माणूस चुलीपुढे घामाघूम होऊन रांधतो आणि ती त्याला दुसऱ्यांदा ओळखते. कादंबरीचे दोन खांब तुम्हाला आयते मिळाले आहेत.

मोरपिसारा

घामाचं अप्रतिम! +१

पाटावरवंटा

मी इथे फारशी लिहीत नाही, पण हे वाचून राहवलं नाही. यवतमाळकडच्या खेड्यात वाढले. आमच्या आईचा दिवस दोन गोष्टींत जायचा, सरपण आणि पाणी. स्वयंपाक त्या मानाने सोपा. पाण्याला विहिरीवर जायचं, चैत्र-वैशाखात विहीर तळाला गेली की आणखी लांब. सरपण वाळवून, रचून, पावसाच्या आधी माळ्यावर चढवायचं. ओली काटकी पेटत नाही म्हणून फुंकणीने फुंकून डोळे लाल.

आता तुमच्या नलाचे वर बघा. बोलावलं की विस्तव, बघितलं की पाणी. हे वर कोणा राजाने मागितलेले वाटतात का? खेड्यातली कोणतीही बाई देवापुढे उभी राहिली असती तर हेच दोन मागितले असते. आणि दमयंतीला त्याची परीक्षा घ्यायची होती तेव्हा तिने काय अडवलं, तर विस्तव आणि पाणी. ती राजकन्या असेल, पण चुलीपाशी बसलेली आहे असं मला वाटलं.

म्हणून माझं मत: जादू तेवढ्याच दोन गोष्टींपुरती ठेवा. निवडणं, चिरणं, वाटणं, ढवळणं, चव घेणं सगळं त्याने हाताने करावं. पाट्यावर वाटताना मनगट दुखू दे की जरा.

सुगरणपक्षी

पाटावरवंटा मावशी, तुमच्या प्रतिसादाची मी प्रिंट काढून भिंतीवर लावतेय. 'सरपण आणि पाणी' हे प्रकरणाचं नावच ठरलं.

बेहडा काका, यमाचं प्रकरण लिहिणार. तो स्वयंवराला आलाय, कोणी त्याच्या शेजारी बसायला तयार नाही, पंगतीतही नाही, आणि त्याला जेवणात रस आहे असं डोक्यात आहे.

रात्रपाळी

विरजण घालायला आलोय, क्षमस्व. ही कथा हलकीफुलकी कशी? हा गडी बायकोला रानात टाकून गेला. नुसता गेला नाही, तिच्याच अंगावरचं वस्त्र अर्धं फाडून घेऊन गेला. मग ती अजगराच्या तावडीत सापडते, व्यापाऱ्यांच्या तांड्यावर हत्ती चालून येतात, चेदीच्या राजवाड्यात दासी म्हणून दिवस काढते. आणि हे महाशय अयोध्येत दहा हजारांवर भाज्या चिरतात. शेवटी एक घास चाखून सगळं माफ? आजची वाचक पुस्तक भिंतीवर फेकेल.

मोरपिसारा

रात्रपाळीशी निम्मी सहमत. पण कली अंगात शिरला होता ना त्याच्या?

बेहडा

शिरला होता, आणि का शिरला ते ऐका. बारा वर्षं तो फटीच्या शोधात होता. एके दिवशी नल लघवीला जाऊन आला आणि पाय न धुता संध्येला बसला. तेवढी फट पुरली. मग द्यूत, मग वनवास.

लिंबूटिंबू

म्हणजे 'बाहेरून आलास, पाय धू' असं आजी ओरडायची त्यामागे अख्खं राज्य होतं!!

जर्सीवाली_वैनी

हाहाहा. हे मुलांना सांगते आज.

सुगरणपक्षी

रात्रपाळी, तुमचा मुद्दा टाळणार नाही. कलीवर सगळं ढकललं की नल मोकळा सुटतो, ते मलाही पटत नाही. पण मूळ कथेत दमयंतीही त्याला इतक्या सहज सोडत नाही. ती समोरासमोर विचारते, झोपलेल्या बायकोला रानात टाकून जाणारा धर्मज्ञ पुरुष कुठे पाहिलास का, म्हणून. तो उलट दुसऱ्या स्वयंवराचा टोमणा मारतो. चांगलं कडाक्याचं भांडण आहे ते. मी ते पूर्ण ठेवणार आहे, आणि स्वयंपाकघरातच ठेवणार आहे, म्हणजे हाताशी लाटणं आहे.

शिवाय अयोध्येत तो मजेत नाही. रोज संध्याकाळी तो एकच श्लोक म्हणतो, की ती भुकेली, तहानलेली, थकलेली आता कुठे पडली असेल. दिवसभर दुसऱ्याच्या पंगती उठवायच्या आणि संध्याकाळी हे. जीवल विचारतो, कोण रे ती? तो वेड घेऊन कोणा भलत्याच माणसाची गोष्ट सांगतो. त्याच्या स्वयंपाकाला हात लागावा ती भुकेची आठवण, असं काहीसं मी करते आहे.

रात्रपाळी

भांडण ठेवणार असाल तर वाचेन. भांडी घासायलाही लावा त्याला. जनाबाईबरोबर विठ्ठल दळू लागायचा, आपल्याकडे देवाला कमीपणा वाटला नाही, नायकाला काय होतंय?

सावजीप्रेमी

राजेहो, तुमी सगळे देव-देव करून राह्यले, मुद्द्याचं कोनी बोलतच नाही. महाभारतात मांस हाये म्हनता ना? मंग मांसच ठेवा. कादंबरीत त्याची भाजी-बिजी करून टाकाल तं मी पयल्या पानावरच बंद करीन. मस्त तर्रीवाला काळा रस्सा, भाकर, कांदा. दमयंतीच्या नाकातून पानी, डोळ्यातून पानी. तिले वाटलं पायजे का आपन रडून राह्यलो का तिखट लागलं!

मोरपिसारा

सावजीप्रेमी, कल्पना झकास आहे पण मिरची कुठून आणणार? ती पोर्तुगिजांबरोबर 16व्या शतकात भारतात आली, मूळची अमेरिकेची. नलाच्या विदर्भात भिवापुरी मिरची नाही.

सावजीप्रेमी

मिरची नाही तं वऱ्हाड कशाले म्हनता??

मोरपिसारा

मी वनस्पतीशास्त्र शिकवते, त्यामुळे या विषयावर थांबवणं अवघड जाईल. मिरचीबरोबर बटाटा, टोमॅटो, मका, शेंगदाणा, काजू, पेरू, पपई, लाल भोपळा सगळं वगळा. साबुदाण्याचा कंदही तिकडचाच. म्हणजे आपल्या उपासाच्या खिचडीतलं साबुदाणा, बटाटा, दाणे, मिरची, काहीच दमयंतीला ओळखू आलं नसतं. जिरं आणि तूप तेवढं आलं असतं. नागपुरी संत्रंही नको, आणि चहा तर नकोच. नायक-नायिका चहा पिताना दिसले तर मी प्रतिसाद देणं बंद करीन.

पण जे उरतं ते काय कमी आहे? वांगं अस्सल आपलं. तूर, मूग, उडीद, कुळीथ. जवस आणि तीळ. ज्वारी मूळची आफ्रिकेची पण हजारो वर्षांपासून इथे रुळलेली, चिंचेचंही तसंच. दुधी, कारलं, आलं, हळद, मोहरी, धणे, लसूण. तूप, दही, गूळ. हिंग अफगाणिस्तानाकडून व्यापारी आणत, आजही बव्हंशी बाहेरूनच येतो. म्हणून राजवाड्यात हिंग असेल पण कुलूपबंद, हे एक विनोदी पात्र होऊ शकतं: हिंगाच्या डबीचा रखवालदार.

तिखटासाठी मिरी, पिंपळी, सुंठ, मोहरी. मिरीचं तिखट जिभेच्या शेंड्याला झणका देत नाही, घशात मागाहून चढतं. पिंपळीला किंचित गोडसर झाक असते आणि ती बराच वेळ रेंगाळते. ओळख पटायला वेळ लागणाऱ्या प्रसंगाला हे तिखट जास्त बरं की नाही?

सावजीप्रेमी

मान्य करतो बावा. पन पिंपळी दाबून घाला.

रात्रपाळी

मांस ठेवायचं की नाही यावर माझं मत सावजीप्रेमींच्या बाजूने. मूळ कथेत आहे, लपवायचं कारण नाही. 12व्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराने 'मानसोल्लास' रचला, त्यात राजाच्या जेवणाचं वर्णन करताना मांसाचे प्रकार मोकळेपणाने सांगितले आहेत, तिथेच मांडेही आहेत. दोन्ही एका ताटात बसत होते.

अबोली_७

मला वाटतं वाचकवर्ग बघून ठरवा. मुलीही वाचतील, शाकाहारी घरातल्याही. प्रत्येक पदार्थाची कृती देणार असाल तर मांसाच्या एका कृतीपायी पुस्तक बाजूला पडायला नको. एवढंच.

सुगरणपक्षी

अबोली, पुस्तकात मांडे, वडे, कढी, वांगी, खीर सगळं येणार आहे. पण तो एक घास मांसाचाच राहील. पाककृती मात्र देत नाहीये. त्यासाठी नलाच्याच नावावर 'पाकदर्पण' नावाचा संस्कृत ग्रंथ आहे, त्यात तो ऋतुपर्णाला स्वयंपाक समजावून सांगतो. मालकाने आचाऱ्याकडे शिकवणी लावली आहे, हा प्रसंग मात्र मी पुरेपूर वापरणार.

पाटावरवंटा

मांड्यांचा विषय निघालाच आहे तर मुक्ताईला विसरू नका. विसोबाने कुंभारांना खापर देऊ दिलं नाही, तेव्हा ज्ञानोबांनी पाठ तापवली आणि मुक्ताईने त्यावर मांडे भाजले. आपल्याकडची सगळ्यात गोड स्वयंपाकाची जादू तीच. पण त्यातही पीठ मुक्ताईनेच मळलं ना! नागपूरकडे अजून उपड्या मडक्यावर लांब पोळ्या करणाऱ्या बाया आहेत. हातावर पीठ झुलवत झुलवत कोपरापर्यंत नेतात आणि मडक्यावर टाकतात. ती कणीक चांगली तिंबलेली नसेल तर अग्निदेव येऊनही उपयोग नाही.

अजून एक सुचतंय. अग्नी बोलावला की जाळ येईल, निखारा येणार नाही. निखारा व्हायला लाकूड जळावं लागतं, वेळ जावा लागतो. आमच्याकडे रोडगे करतात, जाडसर कणकेचे, गोवऱ्यांच्या आरात पुरून. वर राख, खाली धग. घाई केली की वरून कोळसा आणि आत कच्चं पीठ. तुमच्या नलाला रोडगे जमू नयेत असं करा! सगळं जमणाऱ्या माणसाला एक गोष्ट जमत नाही आणि ती दमयंतीला जमते. तिच्या माहेरी ती त्याला शेजारी बसवून शिकवेल, की थांब, उकरू नकोस.

मोरपिसारा

मावशी, तुम्हीच लिहा ना कादंबरी.

जर्सीवाली_वैनी

'थांब, उकरू नकोस' यापेक्षा रोमँटिक संवाद मी बरेच दिवसांत वाचला नाही. आणि हे भांडण झाल्यानंतर हवं, आधी नको.

बेहडा

रोडग्यांना ग्रंथाधार नाही, पण माझी हरकतही नाही.

सुगरणपक्षी

जाळ आणि निखारा! हे घेतलं. आता फक्त तो घास. तिने ओळखलं म्हणजे नक्की काय ओळखलं? 'हाताची चव' म्हणून सोडून दिलं तर वाचकाला फसवल्यासारखं होईल. यमाचा वर आहे म्हणून अलौकिक चव, असं म्हटलं तर ती चव ऋतुपर्णालाही रोज मिळते. मग दमयंतीच्या जिभेला वेगळं काय कळलं?

रात्रपाळी

तांत्रिक बाजूने बघितलं तर हाताची चव म्हणजे सवयींची बेरीज. मीठ आधी की मागाहून. कांदा कुठल्या रंगावर थांबवला. फोडणीत तेल किती तापू दिलं: मोहरी तडतडते ती आतल्या पाण्याची वाफ होऊन, काही जण पहिल्या दाण्याला पुढचं घालतात, काही सगळी फुटेपर्यंत थांबतात. हिंग गरम तुपात फुलवला की नंतर भुरभुरला. पाट्यावरचं वाटण भरड राहतं, उखळात कुटलेल्याचा वास वेगळा. वांगं लोखंडी कढईत काळं पडतं. एकाच घरातल्या दोन जावांचं वरण वेगळं लागतं ते यामुळे. तेव्हा एक सवय निवडा, पहिल्या चार प्रकरणांत सहज दाखवून ठेवा आणि विसरल्यासारखं करा.

लिंबूटिंबू

तो मीठ विसरतो. प्रेमात पडलेले विसरतातच.

अबोली_७

मीठ विसरणारा आचारी दहा हजार कसे मिळवेल?

पाटावरवंटा

माझ्या माहेरचं सांगते. मला वेलदोडा-लवंग दाताखाली आलेली चालत नाही, लहानपणापासून. आई मसालेभात सगळ्यांना सरसकट वाढायची, माझ्या ताटात वाढताना मात्र पळीने लवंगा बाजूला करायची. बोलायची काही नाही. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी मी माहेरी पंगतीला बसले, वाढायला दुसरंच कोणी होतं, तरी माझ्या भातात एक लवंग नव्हती. आईने पातेल्यातूनच सगळ्या काढल्या होत्या. बाकीच्यांना फरक कळलाही नाही.

तुमच्याकडे मिरी आहेच की.

मोरपिसारा

ओहो.

रात्रपाळी

मिरी! तिखटपणा सगळा आहे पण दाणा एकही नाही. आणि अयोध्येत ऋतुपर्ण सारखा कुरकुरत असेल की माझ्या रश्श्यातली मिरी जाते कुठे, मला चावायला आवडते. बाहुक हो म्हणतो आणि हात पुन्हा तेच करतो. वाचकाला ते विनोद म्हणूनच दिसत राहील.

सुगरणपक्षी

मावशी, रात्रपाळी, दोघांना साष्टांग. रात्रभर बसून कच्चा खर्डा केला, चिकटवते. निर्दय व्हा.

'केशिनीने द्रोण पदराखालून काढला. तेवढ्यात पदराला तूप लागलं होतं.

"पाहिलं नाही ना त्याने?"

"तो ऋतुपर्ण महाराजांशी वाद घालत होता. महाराजांना मिरी हवी होती."

"कसली मिरी?"

"ते त्यांचं रोजचंच आहे म्हणे. वार्ष्णेय सांगत होता. बाईसाहेब, आधी खा, गार होतंय. पाण्याची आठवण झाली की भांडं भरतं, त्याचं काय करायचं ते मागून बघू."

दमयंतीने तुकडा उचलला. पिंपळी लागली, आलं लागलं, तिळाचा खमंगपणा लागला. चांगलं होतं. विदर्भात इतकं चांगलं रांधणारे चार जण तरी होते. तिने दुसरा तुकडा उचलला. आता तिखट घशात चढू लागलं, मागाहून येणारं, मिरीचं. तिने सवयीने जीभ दातांवरून फिरवली. काही लागलं नाही. तिने द्रोण खिडकीपाशी नेला आणि बोटाने रस्सा बाजूला करत तळापर्यंत पाहिलं.

"काय शोधताय? केस आहे का?"

"गाळलेलं नाही," दमयंती म्हणाली. "गाळलं असतं तर तीळही गेले असते. एकेक वेचून काढलीय."

"कोणी?"

"मेल्याने," दमयंती म्हणाली आणि मटकन खाली बसली.'

जर्सीवाली_वैनी

'मेल्याने'!!! ऑफिसात डोळे पुसतेय आणि हसतेय.

सावजीप्रेमी

पिंपळी दाबून घातली नाही तुमी. बाकी लय जमलं.

अबोली_७

सुंदर. मांसाचा उल्लेखही नुसता 'तुकडा' असा आलाय, मला काही खटकलं नाही.

रात्रपाळी

'विदर्भात इतकं चांगलं रांधणारे चार जण तरी होते' हे वाक्य सगळ्यात आवडलं. यमाचा वर तिने एका वाक्यात निकालात काढला. 'पाण्याची आठवण झाली की' हे मात्र काढा. जादूची माहिती वाचकाला आधी मिळालेली आहे, केशिनी उगाच पुन्हा सांगतेय.

बेहडा

दोन टिपणं. एक, मूळ कथेत यानंतर दमयंती दोन्ही मुलांना केशिनीबरोबर त्याच्याकडे पाठवते, आणि तो मुलांना कवटाळून रडतो. मुलांची नावं इंद्रसेन आणि इंद्रसेना. हा भाग गाळू नका. घासाने तिची खात्री पटते, त्याचं सोंग मात्र मुलांपुढे गळून पडतं. दोन, ते मांस ऋतुपर्णासाठी शिजत होतं. दमयंतीच्या वडिलांनी, भीमराजाने, त्याच्या भोजनासाठी सामग्री पाठवली होती. केशिनी त्यातलं उचलून घेऊन गेली, नंतर रडारड, मग भांडण. या सगळ्या गडबडीत शंभर योजनं प्रवास करून आलेल्या पाहुण्याला कोणी वाढलं का?

सुगरणपक्षी

बेहडा काका, मुलं येतातच पुढच्या पानावर. इंद्रसेना ताटातून आधी मिरी वेचणारी दाखवली आहे, आईवर गेलेली. आणि रात्रपाळी, ते वाक्य काढलं.

ऋतुपर्णाला कोणीही वाढलेलं नाही. तो एकटाच पाटावर बसून आहे, समोर रिकामं केळीचं पान, बाजूला हिंगाच्या डबीचा रखवालदार. दोघांचं चांगलं जमणार आहे.

लिंबूटिंबू

पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. रखवालदाराला नाव द्या ना काहीतरी.